मुकादमाला बाहेर नेताना

प्रिय पोरी,

फोनवर तू दर वेळी हाताचं विचारतेस आणि मी 'बरा आहे' म्हणून विषय मिटवते. आज नीट सांगते. प्लास्टर निघालं, पण मनगट पूर्वीसारखं वळत नाही. पडद्याचं जाड कापड मशीनखाली सरकवताना कळ थेट कोपरापर्यंत जाते. दुकानदाराला सांगून टाकलं, आता उशांचे अभ्रे आणि हलकीसलकी दुरुस्ती तेवढी पाठव. भला माणूस आहे, कामाच्या गाठोड्यात कधी कधी बिस्किटांचा पुडाही घालून पाठवतो. मी पडले एवढंच तुला ठाऊक आहे. कुठे, कशी, हे तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही, कारण सांगायचं तर मुकादमाचं नाव घ्यावं लागलं असतं. ते नाव आपल्या दोघींच्या बोलण्यातून गेलंय.

माझ्या लेकाने, तुझ्या नवऱ्याने, त्याला जाकिटात लपवून घरी आणलं तेव्हा तुझं लग्न व्हायचं होतं. त्या आठवड्यात घराला रंग देत होते. हे कुत्र्याचं एवढंसं पिल्लू पुढचे पाय जोडून रंगाऱ्यांसमोर बसून राहायचं, जणू कोण कामचुकारपणा करतंय ते बघायला नेमलंय. तिथूनच मुकादम हे नाव पडलं. तेव्हा त्याला परकं माणूस ठाऊकच नव्हतं. गॅसवाला येवो, पोस्टमन येवो, याने त्यांच्या पायात लोळण घेतलीच म्हणून समज. पुढे तू सून होऊन आलीस. कामावरून आल्यावर तुझा नवरा आधी मुकादमाचे कान चोळायचा आणि मग तुझ्याकडे बघायचा, म्हणून तू लटक्या रागाने म्हणायचीस, "आई, माझ्या सवतीला जेवायला घातलंत का?" आपण तिघं किती हसायचो!

मग ती सकाळ. मुकादमाला फिरवायला नेलं असताना बेकरीच्या वळणावर माझा लेक कोसळला. आपण दोघी घरात होतो, तू डबा भरत होतीस. जे कळलं ते बेकरीवाल्याकडून. लोक धावले, पण मुकादम त्याच्या अंगावर चारी पाय रोवून उभा राहिला आणि कुणाला जवळ येऊ देईना. शेवटी बेकरीवाल्याने मुकादमावर पोतं टाकून त्याला ओढून बाजूला केलं, तेव्हा कुठे तुझ्या नवऱ्याला गाडीत घालता आलं. "आधी आणलं असतं तरी हाती काही लागलं नसतं," असं हृदयाच्या डॉक्टरांनी आपल्याला दोनदा समजावून सांगितलं. मी ते धरून बसले, तुला धरता आलं नाही. "तो कुत्रा नसता तर..." एवढंच तू एकदा म्हणालीस. महिनाभराने माहेरी गेलीस. मी अडवलं नाही. ज्या घरात मुकादमाची पाणी पितानाची लपलप ऐकूनही तुझं अंग आक्रसायचं, त्या घरात तुला कशाच्या जोरावर थांबवणार होते?

खरं सांगू का, तू गेल्यावर मीही त्याला भाकरीचा तुकडा टाकायचे तो तोंड फिरवूनच. पण फिरवायला तर न्यावंच लागायचं. आणि बाहेर पडलं की त्याच्यात काहीतरी संचारायचं. ओळखीचं माणूस चालायचं. परकं दिसलं, त्यातून घाईने समोरून येणारं असलं, की मागच्या पायांवर उभा राहून असा भुंकायचा की आया पोरांना कडेवर उचलून घ्यायच्या. मी पट्टा आवळायचे, ओरडायचे, लोकांची माफी मागायचे. इमारतीतले लोक दाराशी आले. तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, "वहिनी, आज भुंकतोय, उद्या लचका तोडेल. सोडून या कुठेतरी लांब." मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन निघाले ती जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे, कुठे सोडता येईल ते विचारायला.

बाई वयाने तुझ्याएवढी, बोलायला फटकळ. तिने मला चांगलंच झापलं. म्हणाली, "तो भुंकला की तुम्ही ओरडता, म्हणजे त्याला वाटतं तुम्हीही भुंकताय. पट्टा आवळता, म्हणजे त्याची खात्रीच पटते की समोरून संकट येतंय." मग तिने शिकवलं. गळपट्टा काढून छातीभोवतीचा पट्टा घालायचा. भुंकेपर्यंत वाट बघायची नाही. त्याआधी त्याचं तोंड मिटतं, कान पुढे येतात, अंग लाकडासारखं होतं. तेवढं दिसलं की गुपचूप वळायचं, रस्ता ओलांडायचा, नाहीतर उभ्या गाडीच्या आडोशाला जायचं. आणि लांबवर माणूस दिसलं तरी तो शांत असला, तर लगेच उकडलेल्या मांसाचा तुकडा तोंडात द्यायचा. परकं माणूस दिसणं म्हणजे काहीतरी चांगलं मिळणं, हे त्याच्या डोक्यात शिरेपर्यंत. ज्यांच्या डोक्यात काही शिरत नाही ती माणसंच असतात, असंही म्हणाली.

मी पडद्याच्या उरलेल्या पिवळ्या कापडाचं त्याला जाकीट शिवलं आणि त्यावर काळ्या दोऱ्याने 'जवळ येऊ नका' असं भरलं. झालं उलटंच. लोक ते वाचायला जवळ यायचे! मग अक्षरं वीतभर मोठी केली. रस्त्याच्या या टोकावरून त्या टोकापर्यंतची माणसं मी आता चालीवरून ओळखते. कोण वळणार, कोण थांबून "अगं बाई, किती गोड" म्हणत हात पुढे करणार, ते मला आधीच कळतं. अशांना मी लांबूनच म्हणते, "तो घाबरतो, पुढे व्हा." 'चावतो' म्हटलं की लोक चिडतात, 'घाबरतो' म्हटलं की ऐकतात. हळूहळू तो रस्त्यापलीकडचं माणूस बघून भुंकण्याऐवजी माझ्या तोंडाकडे बघायला लागला. पहिल्यांदा तसं बघितलंन तेव्हा मी पिठाच्या गिरणीसमोर उभी राहून रडले. गिरणीवाला म्हणाला, "काय झालं, काकू?" म्हटलं, पीठ गेलं डोळ्यात.

आणि मग मी पडले. फुटपाथची फरशी उचकटलेली होती, तिला पाय अडकला. मनगटातून कट्ट आवाज आला आणि डोळ्यांपुढे अंधारी. शुद्धीवर होते, पण उठता येईना. माणसं धावत आली आणि मुकादम माझ्यावर उभा राहिला. तस्साच. चारी पाय रोवून, दात दाखवत. पोरी, त्या दिवशी बेकरीच्या वळणावर काय झालं ते मी लोकांकडून ऐकलं होतं, आता त्याच्या खाली पडून पाहिलं. तो थरथरत होता. त्याची मांडी माझ्या बरगड्यांना टेकली होती आणि ती पानासारखी हलत होती. त्याच्या छातीतली धडधड मला माझ्या अंगात लागत होती. एक जण काठी घेऊन आला. मी ओरडले, "मारू नका हो, तो घाबरलाय!" गर्दीत एक परिचारिका होती, कामावर निघालेली. तिला म्हटलं, "बाई, सगळ्यांना मागे घे. तू एकटी ये, पण समोरून नको, आडवी ये, त्याच्या डोळ्यांत बघू नकोस." चांगला हात मी त्याच्या पोटाखाली ठेवून नुसता दाबून धरला. ती अंग चोरून, तिसरीकडेच बघत आली आणि फुटपाथवर बसली. बराच वेळ नुसती बसली. मुकादमाने तिची ओढणी हुंगली आणि एक पाय बाजूला घेतला.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट डोळ्यांसमोर दिसते. माझा मुलगा त्या वळणावर एकटा पडला, परक्यांच्या पायांशी गेला, असं मला रोज वाटायचं. तुलाही वाटत असणार. पण जोवर त्याला काही कळत होतं तोवर त्याच्या अंगाला मुकादमाची ही ऊब लागलेली होती. कुणीतरी घरचं माणूस त्याला चिकटून उभं होतं. याने माझं दुःख कमी झालेलं नाही, उगाच तसं लिहीत नाही. त्या सकाळबद्दल मला नवीन एवढंच कळलं, आणि ते तुझंही आहे, म्हणून तुला देते. तू घ्यावंस असा हट्ट नाही. मी पडल्यावर इमारतीतल्यांनी सभा घेतली. आता मुकादमाला तोंडाला जाळी बांधूनच न्यायचं असं ठरलंय. तो मुकाट्याने तोंड पुढे करतो. माझ्याने एका हाताने पट्टा किती दिवस पेलवेल, ठाऊक नाही. त्याच्याही तोंडावरचे केस पांढरे व्हायला लागलेत.

आता लिहायला बसले कशासाठी, ते. परवा तुझ्या आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलल्या आणि बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं, की तुझ्या ऑफिसातले एक गृहस्थ घरी येऊन गेले, सगळ्यांना पसंत आहेत, फक्त 'तिकडे कसं सांगायचं' म्हणून तू थांबलीयेस. लगेच त्यांना चुकल्यासारखं झालं. मी म्हटलं, छान झालं. फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. मला आनंद झाला असं म्हणवत नाही, पोरी. पण तू माझ्यासाठी थांबावंस हे त्याहून सोसणार नाही. त्यांना घेऊन ये. घरी नको, पहिल्यांदा शाळेमागच्या मोकळ्या मैदानावर या. मी मुकादमाला घेऊन लांब उभी असेन. तुम्ही दोघं आपलं बोलत चालत राहा, आमच्याकडे बघू नका, आम्ही मागून येऊ. तो भुंकला तर परत जा, मनाला लावून घेऊ नका, पुन्हा कधीतरी या. आणि मी काही न बोलता उभी राहिले, तर तेही मनाला लावून घेऊ नका. मला सवय व्हायला वेळ लागेल. फक्त एक कर. लग्नाचा दिवस ठरला की तो मला तुझ्या तोंडून कळू दे.

तुझीच,
आई