सोंबेरी

श्री. सेतुराम यांस,

देवनागरी तुम्हाला वाचता येत नाही, आणि हे पत्र मी टाकणारही नाही. म्हणूनच मोकळेपणी लिहिते.

तिरुवैयारुच्या आपल्या घरी मी मुलींना गाणं शिकवायचे. मग अंगातलं बळच गेलं. दुपारी भिंतीला टेकले की उठवत नसे. कारण नसताना रडू यायचं, तोंडपाठ गाण्याची पुढची ओळ सुचायची नाही. एकदा अशीच अडले आणि रडले, तेव्हा तुम्ही मुलींच्या देखत म्हणालात, "सोंबेरी! नुसती आळशी. कामाचा कंटाळा, म्हणून रडतेस." शिकवणी बंद पडली. शेवटी मला तंजावूरला माहेरी, अण्णाच्या दारात सोडून गेलात.

जयश्रीवहिनीनं माझं रक्त तपासून घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थायरॉईडचं हार्मोन फार कमी आहे. मन, बळ, आठवण, सगळं त्यानंच मंदावलंय." रोज सकाळी एक बारीक गोळी सुरू झाली. हळूहळू डोक्यातलं धुकं विरलं आणि मी पुन्हा गायला लागले.

काल तुम्ही आलात. अण्णाला म्हणालात, "बरी झाली म्हणे. घेऊन जातो." दुरुस्तीला टाकलेला मिक्सर न्यावा तसं. कॉफी पुढे ठेवत मी विचारलं, "गोळीनं गुण आला नसता, तर नेलं असतंत?"

तुम्ही कॉफी वरखाली ओतून निववत राहिलात. मग अण्णाला बसची वेळ विचारलीत. ती मीच सांगितली, आणि तुम्ही एकटेच गेलात.

डोकं आता स्वच्छ आहे. तुमचं ते गप्प बसणं मी विसरणार नाही.

पूर्ण शुद्धीवर असलेली,
नागलक्ष्मी