रिकाम्या पोटाची नोंद

४ फेब्रुवारी
आले एकदाची! नवं हॉस्पिटल, नवी नोकरी, आणि संशोधन विभागात चक्क खिडकीजवळचं टेबल. भूल देताना पोटात अन्न असलं तर ते उलटून फुफ्फुसात जातं. मग पोट रिकामं व्हायला नक्की किती तास लागतात, हा आमचा अभ्यास. ऑपरेशनच्या सकाळी पेशंटच्या पोटाची सोनोग्राफी करायची आणि फॉर्मवर 'रिकामं' किंवा 'भरलेलं' लिहायचं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना सगळे 'झोपवणारे काका' म्हणतात. ते स्वतःही फोनवर तसंच सांगतात. इथली पद्धत गमतीची आहे. मशीन तपासायला रोज सकाळी उपाशीपोटी स्वतःचंच पोट बघायचं! माझं छान चपटं दिसलं. ताई तर हवेतच आहे, कारण माझ्या पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन आता इथेच होणार. मोठी बहीण म्हणजे दुसरी आईच, वर जास्त ओरडणारी.

९ फेब्रुवारी
आजचे शेवटचे पेशंट एक म्हातारे शिंपीकाका. हर्नियाचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलेलं. माझ्या एप्रनची शिवण बघून म्हणाले, उपाशी ठेवायचं तर हे शिवणाऱ्याला ठेवा. हसत हसत पडद्यावर पाहिलं, तर पोटात काहीतरी होतं. विचारलं तशी त्यांनी हात जोडले. पहाटे चक्कर आली म्हणून केळं खाल्लं होतं. परत घरी पाठवू नका म्हणाले. मला दया आली. आणि खरं सांगायचं तर 'भरलेलं' लिहिलं की आणखी चार कागद भरावे लागतात, आणि मला घाई होती. एक केळं ते काय! 'रिकामं' लिहून टाकलं.

१० फेब्रुवारी
काल भूल देतानाच शिंपीकाकांना उलटी झाली. सगळी फुफ्फुसात गेली. व्हेंटिलेटरवर आहेत. झोपवणाऱ्या काकांनी फॉर्म तीनदा वाचला आणि विचारलं की रिकाम्या पोटातून हे आलं कुठून. मी मान खाली घालून मशीन पुसत बसले.

१३ फेब्रुवारी
ते गेले. त्यांची बायको बाकावर बसून त्यांच्या सदऱ्याची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. नोकरी जाईल, ऑपरेशनही राहील. लाज वाटते माझी मला.

१४ फेब्रुवारी
आज मशीन तपासताना माझ्या पोटात काहीतरी दिसलं. कालपासून पाण्याशिवाय घोटभरही काही नाही. तोंडाला केळ्याची चव. मी केळं खात नाही. लहानपणापासून नाही.

१९ फेब्रुवारी
आज माझं ऑपरेशन होतं. झोपवणाऱ्या काकांनी स्वतः सोनोग्राफी केली – भरलेलं. रागावले, म्हणाले, तुम्हीच असं वागायचं? ताईने शपथेवर सांगितलं की हिने काही खाल्लेलं नाही. तारीख पुढे गेली.

२४ फेब्रुवारी
दुसरी तारीख. दोन दिवस नुसतं पाणी. तरी भरलेलं, आधीपेक्षा वर आलेलं. खडा नळीत अडकलाय – डोळे पिवळे, ताप, कळा. काका म्हणाले, आता थांबलो तर जिवावर बेतेल, आणि भरल्या पोटी भूल दिली तरीही. शेवटी २८ तारीख दिली.

२६ फेब्रुवारी
काकांच्या खोलीपर्यंत गेले. आज सगळं सांगणारच होते. तोंड उघडलं आणि – ढेकर. केळं. घशापर्यंत. तोंड दाबून पळाले.

२८ फेब्रुवारी
सोनोग्राफीला नवी मुलगी. माझ्याच जागी. पडदा दिसत होता – काठोकाठ. बोलायला गेले की ते वर येतं. म्हणून हात जोडले. नको, खोटं लिहू नकोस म्हणून –
तिला वेगळंच वाटलं. माझा हात थोपटला. दोनदा पुढे गेलंय ना तुमचं, म्हणाली, आता परत नाही पाठवत. घड्याळ पाहिलं.
'रिकामं' लिहिलं.

ट्रॉली आली. शांत करायचं इंजेक्शन दिलंय. हात जड –
ताई दाराशी उभी आहे. ही वही आता तिच्या हातात देतेय –
ताई, आत्ता वाच. काकांना थांबव. पोट भरलेलं आहे. शिंपीकाकांच्या फॉर्मवर मी खोटं –
वर येतंय – ताई, मी खोटं लि