माझा गोवर

१ जून, सकाळ
काल रिटायर झालो. आजपासून नवं आयुष्य. ही डायरी निरोप समारंभात मिळाली. घड्याळ मिळणार असं कानावर आलं होतं, पण असो.

निरोपाच्या भाषणात मी जाहीर करून टाकलं की आता कॉलेजला जाणार, इतिहासात बी.ए. करणार. टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, नक्की करा. साहेबांच्या नावापुढे दोन डिग्र्या आहेत आणि मी लिहिलेल्या मसुद्यांवर सह्या करण्यापलीकडे त्यांचा उपयोग झालेला मी पाहिला नाही. मी मात्र परवाना ऑफिसच्या खिडकीत अख्खी नोकरी काढली. बी.ए. नाही म्हणून हेडक्लार्कच्या पुढे सरकलो नाही. ही डायरी कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो, ही गोष्ट मला फार लागलेली आहे.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. रोज वाचन. बायकोशी वाद नाही.

आज साडेआठला उठलो. पहिलाच दिवस आहे, शरीराला कळायला वेळ लागतो.

४ जून
कॉलेजात गेलो. सोबत बायको. तिला त्याच बाजूला काहीतरी आणायचं होतं. काय ते सांगितलं नाही, आणि शेवटी आणलंही नाही.

प्रवेशाच्या खिडकीत एक बाई बसतात. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी इतिहासाला चारदोनच जागा असतात, त्यातली एक उरली आहे. म्हटलं, मला एकच हवी आहे. खिडकीबाई अर्ज बघून म्हणाल्या, अक्षर छान आहे, पण लसीचा दाखला कुठाय? गेल्या वर्षी होस्टेलमध्ये गोवराची साथ आली होती. तेव्हापासून वर्गात बसणाऱ्या प्रत्येकाला गोवर-गालगुंडाची लस घेतल्याचा दाखला लागतो. पहिला डोस घेतला की प्रवेश, दुसरा चार आठवड्यांनी. लस कॉलेजच्याच दवाखान्यात टोचतात. प्रवेशाची शेवटची तारीख ३० जून.

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. म्हटलं, माझं वय बघा. त्या म्हणाल्या, गोवर वय बघत नाही.

निघताना बायकोने त्यांना विचारलं, या कोर्सला शिक्षण किती लागतं. उत्तर मीच दिलं, बारावी. ही स्वतः बारावी आहे, फर्स्ट क्लास, लग्नाच्या आधीची. तरी विचारत बसली.

नोंद: मी इंजेक्शनला घाबरत नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

५ जून
प्राचार्यांना पत्र लिहिलं. मुद्दा असा की ज्ञान डोक्यात जातं, दंडात नाही. वाक्य जमलं म्हणून दोनदा वापरलं. हिने पत्र वाचलं आणि म्हणाली, अहो, सरळ टोचून घ्या, मुंगी चावल्याइतकंसुद्धा दुखत नाही. हिला तत्त्व कळत नाही. वाद घातला नाही. म्हणजे घातला, पण थोडाच.

९ जून
प्राचार्यांचं उत्तर आलं: 'आवश्यक तो दाखला जोडलेला नसल्याने अर्ज परत.'

हे वाक्य माझं आहे. माझ्या खिडकीत याचा शिक्का होता. रबर झिजलं म्हणून मी नवा मागवला होता. पण मी मारायचो तेव्हा त्यात एक आपुलकी असायची.

१० जून, सकाळ
दाढी करताना आठवलं. मला लहानपणी गोवर झाला होता! ज्याला गोवर झाला त्याला लस कशाला? अर्धी दाढी तशीच ठेवून हिला सांगायला धावलो. ही इतिहासाचं पुस्तक पुसत होती. मी घेतलेली पुस्तकं ही रोज पुसते. आज तिसऱ्या प्रकरणापर्यंत पुसून झालं होतं.

१० जून, दुपार
खिडकीबाईंनी मान्य केलं! गोवर होऊन गेला असेल तर लस नको. रक्त तपासून घ्या, त्यात दिसतं, रिपोर्ट आणा, म्हणाल्या. नियमानेच नियमाला चीत केलं. मुलाला फोन करून सांगितलं. तो नोकरीच्या गावी असतो. म्हणाला, बाबा, मस्त, पण रक्त कसं काढतात माहीत आहे ना? म्हटलं, मला शिकवू नकोस.

१० जून, संध्याकाळ
रक्त कसं काढतात त्याचा विचार केला. जेवण गेलं नाही.

११ जून
लॅबमध्ये गेलो. खुर्चीत व्यवस्थित बसलो, हे नमूद करतो. लॅबवाल्याने दंडाला रबरी पट्टा आवळला आणि म्हणाला, शीर छान आहे. त्याच क्षणी मला वाटलं, घरी गॅस चालू राहिला असेल. पट्ट्यासकट निघालो. घरी आलो तर गॅस खरंच चालू होता. ही चहा करत होती. म्हणजे माझी शंका बरोबर होती.

पट्टा परत करायला हिला पाठवलं.

१३ जून
ही म्हणाली, चला, आधी मी टोचून घेते, तुम्ही नुसतं बघा. माणसाने बायकोचा शब्द मोडू नये म्हणून गेलो. दवाखान्यातल्या नर्सबाई अंगाने भरभक्कम, आवाज मऊ. हिने बाही वर केली आणि त्यांच्याशी पडद्यांच्या कापडाविषयी बोलायला लागली. मी काचेतून बघत होतो. मग हवा चांगली आहे म्हणून फाटकाजवळून बघितलं. तिथून दवाखाना दिसत नाही.

पाच मिनिटांत ही कापूस दाबत बाहेर. काही दुखलं नाही, म्हणाली. हातात दाखला. नर्सबाईंनी विद्यार्थ्याचं नाव विचारलं तेव्हा आपलंच सांगितलं म्हणे. बरोबर आहे, काहीतरी नाव सांगावंच लागतं.

निष्कर्ष: बायकांची कातडी वेगळी असते. हा प्रयोग मला लागू होत नाही.

१७ जून
नवा मार्ग. साक्षीदार! माझ्या गोवराची साक्षीदार हयात आहे. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, आणि तिला सगळं आठवतं. ही तिच्याबद्दलची आमची जुनी तक्रारच आहे. खिडकीबाईंना विचारलं, मोठ्या बहिणीचा लेखी जबाब चालेल का? त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, आणा, प्राचार्यांना दाखवते. त्यांनी हात टेकले आहेत हे स्पष्ट दिसलं. ताईला फोन केला. येते म्हणाली.

१९ जून
ताईला त्रास नको म्हणून तिचा जबाब मीच लिहून ठेवला. हिरवं पांघरूण. अंधारी केलेली खोली. आई उशाशी. डॉक्टरांचे थंडगार हात. अंगभर पुरळ, आणि वाटीत मोसंब्याचा रस. लिहिताना डोळे भरून आले. किती सोसलं मी त्या वयात.

वाचन उद्यापासून. पुस्तक सापडत नव्हतं. हिच्या उशीखाली होतं, पुसायला घेतलं असेल.

२१ जून
ताई आली. तिला थेट खिडकीपाशी नेलं. ही पण आली. ताईने चष्मा लावून जबाब शेवटपर्यंत वाचला. म्हणाली, अगदी खरं आहे, पांघरूण हिरवंच होतं. मी खिडकीबाईंकडे विजयी नजर टाकली.

मग ताई म्हणाली, "पण हा गोवर माझा आहे."

तिचं म्हणणं असं: गोवर तिला झाला होता. मला मावशीकडे पाठवलं होतं. ताईला रस मिळतो हे कळल्यावर मी मावशीकडे अंथरूण धरलं आणि मलाही गोवर झाला असं सांगायला लागलो. मावशीने दोन दिवस रस दिला आणि तिसऱ्या दिवशी आंघोळीला बसवलं. एवढ्यावर थांबली असती तर ठीक. पुढे म्हणाली, त्याच वर्षी शाळेत लस टोचायला आले तेव्हा हा मागच्या दाराने पळाला आणि माझं दप्तर घेऊन पळाला.

खिडकीबाईंनी ड्रॉवर उघडून त्यात तोंड घातलं. त्यांचे खांदे हलत होते.

मी ताईला म्हटलं, तुझं वय झालं, तुझी गल्लत होते आहे. तर तिने त्या दप्तराचा रंगही सांगितला. गोवराच्या मालकीबाबत मतभेद आहेत, एवढंच मी इथे नोंदवतो. पण मला ती अंधारी खोली दिसते. अगदी समोर दिसते.

घरी ताई आणि ही स्वयंपाकघरात बराच वेळ कुजबुजत होत्या. ही म्हणत होती, वन्सं, त्यांना वाईट वाटेल. जाताना ताईने हिला खांद्याला लावायची एक नवी पिशवी दिली, वह्यापुस्तकं मावतील अशी. मला काही नाही.

२४ जून
ठरलं. उद्या टोचून घेणार. विषय संपला.

२५ जून
डाव्या कुशीवर झोपल्याने डावा दंड दुखतो. उजवा लिहायला लागतो. उद्या.

२६ जून
दंड बरा आहे, पण घाई करण्यात अर्थ नाही. अजून चिक्कार वेळ आहे.

२७ जून
गेलो! खुर्चीत बसलो! बाही वर केली! नर्सबाईंनी दंडाला स्पिरिटचा कापूस लावला.

त्यानंतर मी फरशीवर होतो. फरशी थंड आणि स्वच्छ होती, कॉलेजची व्यवस्था चांगली आहे. एक मुलगी माझ्या तोंडावर पाणी मारत होती आणि म्हणत होती, आजोबा, डोळे उघडा. तिला म्हटलं, आजोबा काय, आपण एका कॉलेजचे. चला, बरं वाटलं, मोठं काम झालं, असं म्हणून उठलो. तेव्हा नर्सबाईंनी सांगितलं की सुई अजून पाकिटातच आहे.

हिने रिक्षा केली.  माझा दंड घरापर्यंत चोळत होती. त्याला काही झालं नव्हतं तरी.

३० जून, संध्याकाळ
आज शेवटची तारीख. पहाटे पाचला उठायचं ठरवलं होतं. नऊला उठलो. ही बाहेर गेलेली. जेवून, थोडं पडून, तीनच्या सुमाराला कॉलेजात पोचलो. आधी दवाखान्यात न जाता खिडकीशी चौकशी केली, उगाच टोचून घ्यायचं आणि जागा नसायची असं व्हायला नको. खिडकीबाई म्हणाल्या, जागा आज सकाळी भरली. कागद सगळे पूर्ण होते.

तोंडात मारल्यासारखं झालं. खूप आनंद होईल असं वाटलं होतं, सुटका झाली म्हणून. तो झाला नाही. मुलं हातात पावत्या घेऊन जिना उतरत होती. त्यांच्यातून वाट काढत बाहेर आलो.

घरी येऊन हिच्यासमोर भडाभडा बोललो. कुणा रिकामटेकड्याने माझी जागा लाटली, या वयात लोकांना दुसरे उद्योग नाहीत वगैरे. हिने चहा पुढे ठेवला, समोर बसली आणि म्हणाली, "ती मी."

 ही सांगत राहिली. बारावीनंतर याच विषयाचा अर्ज भरला होता, वडिलांनी सहीसुद्धा केली होती. मग आमचं लग्न ठरलं. ही गोष्ट मला इतक्या वर्षांत माहीत नव्हती. मी विचारलंच नव्हतं असं ती म्हणाली, रागाने नाही, साधं सांगावं तसं. आज सकाळीही माझ्या उठण्याची वाट बघितली, मी उठत नाही असं दिसलं तेव्हाच निघाली होती.

मग म्हणाली, "नर्सबाई पाचपर्यंत आहेत. खिडकीबाईंना विचारून आले आहे, पाचच्या आत नाव बदलून मिळेल. चला, टोचून घ्या. मी माझं नाव मागे घेते."

ती चप्पल घालून दारात उभी राहिली. खरंच उभी राहिली. नवी पिशवी तिने खुंटीवर परत अडकवली, आणि अडकवताना तिच्यावरून एकदा हात फिरवला.

मी घड्याळ बघितलं. चार वाजून गेले होते. चहा गरम होता. मी तो बशीत ओतला, फुंकर घातली. दुसरा कप मागितला. नंतर तिला म्हटलं, चहात साखर कमी आहे. तिने साखर आणली. मग पेपरमधलं राहिलेलं शब्दकोडं घेतलं. पाच वाजले.

ती चप्पल काढून आत गेली. काही वेळाने आतून पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज आला.

मी त्याग केला आहे. हे कुणाला सांगणार नाही. सुईचा आणि याचा काही संबंध नाही.

१० जुलै
हिच्या कॉलेजचा पहिला दिवस. पहाटे पाचला उठलो! संकल्प पाळला! चहा मी केला. ही पिशवी लावून निघाली तेव्हा मीही चपला घातल्या. फाटकापर्यंत सोडायला गेलो. वॉचमनने विचारलं, कुणाचे पालक? हिने उत्तर दिलं, माझे. तो गोंधळला. मला वहीत सही करायला लावली, 'पालक' असं लिहिलेलं होतं तिथे.

दुपारी ही आली आणि जेवतानाही बोलतच होती. सरांनी पहिल्याच तासाला प्रश्न विचारला, त्याचं उत्तर हिला येत होतं. पहिल्या बाकावर बसली. मला राग यावा असं वाटत होतं. आला नाही.

संध्याकाळी टेबलावरची पुस्तकं मी पुसली. पहिल्या प्रकरणातली तीन पानं पुसून झाली.

१२ जुलै
हिचा दुसरा डोस. पिशवी धरायला म्हणून गेलो. हिचं झाल्यावर नर्सबाईंनी खुर्चीकडे बोट केलं. ही म्हणाली, पुढच्या वर्षी पुन्हा जागा निघतील. म्हणजे घरात मी ज्युनियर राहणार. बसलो. हिने माझा हात धरला.

मी डोळे मिटले आणि नर्सबाईंना सविस्तर समजावून सांगितलं की माझा विरोध सुईला कधीच नव्हता, पद्धतीला होता. ज्ञान डोक्यात जातं, दंडात नाही, हेही सांगितलं. बराच वेळ बोललो. मग म्हटलं, हं, आता टोचा. उत्तर आलं नाही. डोळे उघडले तर नर्सबाई हात धुऊन पुढच्या मुलीचं नाव लिहीत होत्या, आणि माझ्या दंडावर कापूस चिकटवलेला होता.

काही म्हणजे काही दुखलं नाही. मुंगी चावल्याइतकंसुद्धा नाही.

हे मला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं.