आबासाहेबांसाठी वेगळा दर

मोंबासा, १९५६

आबासाहेब,

तुमच्या सणसरच्या गुळाच्या कराराचं मराठी भाषांतर माझ्याकडं तपासायला आलंय. संगं तुमची चिठ्ठी: "गेण्या, गावच्या माणसाला दर काय लावतोस?"

हितं समद्यांना पानाला दोन शिलिंग. तुमचा दर येगळा.

माझी आय बारामतीला तुमची पेढी झाडायची. तिचा कान तुटलेला कप बाहेर देवळीत असायचा. तुमी वरनं चहा ओतायचा, तिनं कप धुऊन परत देवळीत ठेवायचा. आता बाजारादिवशी तिला गादीवर बसवा, घरच्या कपात चहा द्या, अन् कप तुमी धुवा.

इंग्रजी करारात बोटीवर गूळ पाझरला तर नुकसान तुमचं हाय. भाषांतरात ते चुकून गूळ घेणाऱ्या हितल्या शेटचं झालंय. दर दिलात तर सुधारतो.

पर तुमी कबूल झालात तरी आय कप सोडायची न्हाय. "ऱ्हाऊ द्या मालक," म्हणंल आणि सवयीनं स्वतःच धुईल. माझा दर काय फिटायचा न्हाय.

म्हणून ही चिठ्ठी माझ्या पेटीतच ठेवतो. करार अन् भाषांतर उद्याच्या बोटीनं न सुधारता तसंच येईल. भाषांतर वाचून इंग्रजीवर डोळं झाकून सही करा.

देवळीतल्या कपवालीचा पोरगा,
गेणू