एल म्हणजे डावा

२० नोव्हेंबर १९९६

आणि तरी गोरक्षशेठ म्हणतो इअरफोनचा पीस चांगला आहे. चार वेळा सांगितलं, डावीकडून आवाज येतो पण आजारी माणसासारखा येतो. तो म्हणतो, मला तर बरोबर येतोय. त्याला येणारच. दुकानदाराला स्वतःचा माल कधी बेसूर वाजला आहे का? मी म्हणालो, शेठ, त्याला कान तयार लागतो. त्यावर तो हसला आणि पीस डबीत ठेवला. डबीत ठेवला म्हणजे मानलं.

दुकान संगमनेरच्या स्टँडमागं. कॅसेट, टेप, वॉकमन. आता हे नवीन इअरफोन आलेत मुंबईहून, सिंगापूरचा माल. कानावर नाही, कानाच्या आत बसतात. टोकाला रबरी बोंडं. किंमत ऐकून माणूस आधी खुर्ची शोधतो. पाडव्याला शेठ शेजारचा गाळा घेऊन दुकान वाढवणार आहे. माणूस लागणार. संगमनेरात कान असलेला माणूस माझ्याशिवाय कोण आहे?

खडी मशीनवर अजून चार महिने. मग रामराम.

२४ नोव्हेंबर

ठरलं. शेठ मला एक-एक पीस आणि जुना वॉकमन घरी देणार, मी तपासून सांगायचं. त्यानं एवढंच म्हटलं होतं की ऐकून बघ. पण काम करायचं तर पद्धतशीर. मी मार्क देणार. आवाजाला दहा, बसण्याला दहा.

पीस पहिला: उजवा नऊ. डावा दोन. बसायला सहा.

नियम: ज्याच्यावर एल लिहिलंय तो डाव्यातच घालायचा, आर उजव्यात. उलटसुलट करायचं नाही. कंपनीनं एवढं बारीक अक्षर काय हौस म्हणून छापलं का? मी सातवीपर्यंतच शिकलो, पण एल आणि आर कळतं. इथं बारावी झालेली पोरं उलटं घालून फिरतात.

आजपासून गुटखा बंद. दुकानात तोंडाला वास चालत नाही.

२ डिसेंबर

टेस्टिंग आता मशीनवरच करतो. खोलीत शांततेत कुणीही ऐकेल. माझी जागा जबड्याच्या तोंडाशी, म्हणजे मशीन जिथं दगड भरडतं तिथं. हातात पहार, अडकलेलं डबर सोडवायचं, मशीन डाव्या हाताला. तिथं जो इअरफोन ऐकू येईल तोच खरा माल. व्हॉल्यूम पूर्ण लावला. उजवा झकास. डावा पुन्हा तसाच. म्हणजे दुसऱ्या पीसचाही डावाच खराब. पूर्ण लॉटच तसला दिसतो.

पुंजाराम मुकादम कायतरी ओरडत होता. मला काय माहीत. शेवटी त्यानं पाठीत खडा मारला. डंपर मागं येत होता म्हणे. म्हणे म्हणजे होता. टायर पायापासून हातभर लांब थांबला. मुकादम इशाऱ्यानं म्हणाला, कानात काय कोंबलंस? इथं सगळे हातानंच बोलतात, तोंडानं बोलून उपयोग नाही. मीही हातानं सांगितलं, काम चालू आहे. त्यानं हातानं जे उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही.

अडाण्यांत राहून शास्त्रीय काम होत नाही.

गुटखा एकच खाल्ला. भीतीमुळं.

९ डिसेंबर

पीस तिसरा. बसण्याचा फार मोठा फॉल्ट सापडला. डाव्या बोंडाचा रंग जातो. सकाळी उशीवर पिवळट डाग. रबर हलकं आहे, घामानं सुटतं. उजव्याचा रंग जात नाही, म्हणजे दोन कारखान्यांत बनवून एका डबीत भरत असणार. बसायला दोन मार्क. ठणकाही लागतो.

कानिफनाथनं अंथरूण दाराकडं हलवलं. हा सोनईकडचा, मी किनवटकडचा; माझ्या खोलीत राहतो, मशीनवर खडी वाहणाऱ्या पट्ट्यावर काम करतो. म्हणतो वास येतोय. मी म्हणालो, तुझे मोजे. तो म्हणाला, किनवट्या, मी मोजे घालत न्हाई. मी म्हणालो, मग पायाचा येत असेल.

१५ डिसेंबर

गोडेतेलात लसूण कढवून डाव्या कानात घातलं. कानाला काही झालंय म्हणून नाही, बोंड सरकन आत जावं म्हणून. तर डावा आणखीच बसला. तेलानं इअरफोन खराब होतात, हे शेठला सांगायला हवं. गिऱ्हाइकांना आधीच बजावलेलं बरं.

कानिफनाथनं न विचारता पीस चौथा कानात घातला आणि खाटेवर बसून मान हलवायला लागला. म्हणे दोन्ही एक नंबर. आता याच्या मताला काय किंमत? हा लग्नात बँडच्या ताशापुढं झोपलेला माणूस आहे.

२२ डिसेंबर

एसटीडीवरून गावी फोन. शेजारच्या वाघमारे गुरुजींकडं आईला बोलावून घेतलं. लाइन फार खराब. आई किनवटच्या पुढून नाही तर विहिरीतून बोलतेय असं वाटलं. मग पैसे काढायला डावा हात मोकळा हवा होता म्हणून फोन उजव्या कानाला घेतला, आणि त्याच वेळेस लाइन आपोआप सुधारली. अशी कधी कधी सुधारते.

आईनं विचारलं, अजून दगडातच आहेस का? मी म्हणालो, नाही. दुकानात लागलो.

पाडव्याला लागणारच आहे. तीन महिने इकडचे तिकडं, त्याला खोटं म्हणत नाहीत. आई रडली. मागं माधुरीचा आवाज आला, दादा मग मी नर्सिंगचा फॉर्म भरू का? भर म्हणालो. आई म्हणाली बापूच्या, म्हणजे माझ्या बापाच्या, पोरानं खुर्चीवरचं काम धरलं हे आज विहारात सगळ्यांना सांगते. मी म्हणालो, आत्ताच नको. तोवर तिनं फोन गुरुजींच्या हातात दिलेला. गुरुजींनी अभिनंदन केलं. त्यांना जयभीम घातला आणि बाहेर आलो.

आता काही झालं तरी दुकान.

५ जानेवारी १९९७

जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद होतं. मशीन बंद झालं तरी माझ्या डाव्या बाजूला ते चालूच राहतं, बारीक शिट्टी मारत. ही मशीनची खोड आहे, सवय झाली.

गोजरबाई भाकरी घेऊन शेजारी बसली. ती पंधरा वर्षांपासून या ना त्या खडी मशीनवर आहे, आता पाट्या टाकते. दोन्ही कानांनी ठार बहिरी. समोरच्याचं तोंड बघून बोलणं ओळखते, आणि स्वतः एवढ्या जोरात बोलते की नाशिक रोडचे ट्रक थांबावेत. माझ्या कानाकडं बघून म्हणाली, "लेकरा, जबडा सोड. आमी समद्यांनी डाव्यानंच सुरवात केली."

मी म्हणालो, मावशी, इअरफोनचा फॉल्ट आहे. तिनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं, मला वाटतं कळलं तिला. पण तिनं फक्त लोणच्याची फोड माझ्या भाकरीवर ठेवली.

म्हातारी माणसं स्वतःचं दुखणं दुसऱ्यात बघतात. कापूस दिला तिनं. खिशात ठेवलाय. कापूस घातल्यावर टेस्टिंग कसं करायचं?

१९ जानेवारी

आज मोठा दिवस. नऊ पीस तपासून झाले. नवाचे नऊ डावीकडून फेल. शेठला कागद दिला, मार्कांसहित. शेठनं दोन-तीन स्वतः ऐकले, डोकं खाजवलं. मी म्हणालो, शेठ, गिऱ्हाइकानं एवढे पैसे देऊन माल परत आणला तर नाव कुणाचं जाईल? हे त्याला पटलं. म्हणाला, बघ हां किनवट्या, तुझ्या भरवशावर पाठवतो. सगळा लॉट बांधून मुंबईच्या पार्टीला परत. वर चिठ्ठी, माल खराब.

माझ्या शब्दावर मुंबईचा माल परत जातो. सातवी पास.

खोलीवर आलो तर कानिफनाथ म्हणाला, हळू बोल, घरमालक जागा होईल. मी हळूच बोलत होतो.

११ फेब्रुवारी

पार्सल परत आलं. पार्टीनं नवाचे नऊ चेक करून पाठवलेत, फॉल्ट नाही म्हणून लिहिलंय, आणि यापुढं शेठशी व्यवहार बंद. सिंगापूरचा माल आता शेठला मिळणार नाही. पाडव्याचं निम्मं दुकान त्याच मालावर उभं राहणार होतं.

शेठ ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. स्टुलावर बसवलं, एक पीस माझ्या कानात घातला. विचारलं. डावा बारीक, मी म्हणालो. मग म्हणाला, उलटा घाल. मी म्हणालो, शेठ, एल म्हणजे डावा. तो म्हणाला, घाल तर.

घातला. एल उजव्या कानात. आणि एल एकदम मोकळा झाला, भरून वाजायला लागला. मी म्हणालो, बघा, प्रवासात सुधारला. मग डाव्या कानातला आर ऐकला. तो मेला होता. आता आर बिघडला, मी म्हणालो.

शेठनं दुसरा पीस घातला. मग तिसरा. मी तेच सांगत राहिलो. पाचव्याला माझा आवाज जरा कमी झाला. शेठनं वॉकमन बंद केला आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन बसला.

"पीस नऊ हायेत, भावड्या. डावा कान एकच हाय. बिघडलं काय, तूच सांग आता."

मी म्हणालो वॉकमन असेल.

१२ फेब्रुवारी

शेठनं स्कूटरवर बसवून कानाच्या डॉक्टरबाईकडं नेलं. मी नको म्हणालो होतो. ज्या माणसाचं नुकसान झालं त्यानंच पेट्रोल जाळलं, हे मला आवडलं नाही.

डॉक्टरबाईंनी आधी कान पुसला. बराच वेळ पुसत होत्या. नाकाला रुमाल लावला होता त्यांनी. मग एक लोखंडी चिमटा वाजवून कानापाशी धरला. उजवीकडं ऐकू आला, डावीकडं नाही. तसले चिमटे एकाच बाजूनं वाजत असतील.

बाई डावीकडं बसून बोलल्या, त्यामुळं सगळं कळलं नाही. चेहऱ्यावरून केस साधी वाटली. बाहेर आल्यावर शेठनं परत सांगितलं. पडद्याला भोक आहे, पू झालाय. भोक नाशिकला ऑपरेशन करून बुजवता येईल, पण मशीनच्या आवाजानं आत जे गेलंय ते माघारी येणार नाही. पाणी घालायचं नाही, तेल घालायचं नाही, इअरफोन घालायचे नाहीत, मशीनवर उभं राहायचं नाही. उजव्यानंही सुरुवात केली आहे.

उजव्याचं मी मानत नाही. उजव्याला मी स्वतः सारखे नऊ मार्क दिलेत.

२६ फेब्रुवारी

निश्चय. कानात थेंब सकाळ-संध्याकाळ. कापूस. जबडा सोडून पट्ट्यावर काम मागायचं. व्हॉल्यूम बंद. गुटखा बंद.

पट्ट्यावर मजुरी कमी. मुकादमनं सांगितलं, जबड्याला जादा मिळतात ते काय तुझं तोंड बघून? विचार करून सांगतो म्हणालो. थेंबांची बाटली कुठं पडली सापडत नाही. बाकी निश्चय चालू.

१० मार्च

दुकानात गेलो. काउंटरवर मोनिका नावाची मुलगी बसलेली, शेठच्या साडूची, बारावी झालेली. पाडव्यापासून नाही, आत्तापासूनच बसते. गिऱ्हाइकाला पीस दाखवत होती. आधी एका बाजूनं ऐकला, मग उलटा करून ऐकला, म्हणाली ठीक आहे, आणि विकला. झालं चेकिंग. मार्क नाहीत, काही नाही.

शेठ बाहेर आला. खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, गिऱ्हाईक हळू बोलतं रे, कसं जमंल तुला? मी म्हणालो मोठ्यानं बोलायला सांगू त्यांना. तो म्हणाला, दुकानात गिऱ्हाइकाला वरडायला लावायचं? मी हसलो. तोही हसला. मग दोघंही थांबलो.

मोनिकानं पाठीमागून कायतरी विचारलं असावं, कारण शेठनं मला धरून तिच्याकडं वळवलं. पाणी हवं का, विचारत होती.

८ एप्रिल १९९७, पाडवा

दुकानाचं उद्घाटन असेल. गेलो नाही. मशीनला सुट्टी नव्हती, रस्त्याच्या ठेकेदाराला खडी लगेच हवी आहे.

माधुरीचं पत्र आलंय. तिचं नाव नर्सिंगच्या यादीत लागलं. गावात सगळे विचारतात, दादाच्या दुकानात पंखा आहे का, बसायला गादी आहे का. आई म्हणते दुकानाचा पगार आता दर महिन्याला येऊ दे, फी भरायची आहे.

बरोबरच आहे. माणसानं शब्द दिला की दिला.

मुकादमाकडं गेलो. डबल पाळी मागितली, जबड्यावरच. एक अटही घातली, मी काही असातसा नाही. म्हणालो, आजपासून मी पलीकडच्या अंगाला उभा राहणार. डाव्याला विश्रांती मिळायला पाहिजे. मुकादम लगेच हो म्हणाला. याचंच आश्चर्य वाटलं, नाहीतर तो कशालाच हो म्हणत नाही.

गोजरबाई खालून बघत होती. दोन्ही हात हलवून कायतरी सांगत होती. मी हातानं सांगितलं, नंतर.

मशीन आता उजव्या हाताला. जागा चांगली आहे, सावली येते. नाशिकचं ऑपरेशन दिवाळीनंतर बघू. उजव्यावर दिवाळीपर्यंतचे दिवस आरामात निघतील.

९ एप्रिल

मुकादमाकडून उचल घेतली. पोस्टातल्या माणसानं कायतरी तीनदा विचारलं, शेवटी फॉर्म माझ्याकडं फिरवला आणि रकान्यावर बोट ठेवलं. निरोपाच्या जागी लिहिलं, दुकान मोठं झालं, पंखा आहे.

आईच्या नावानं मनीऑर्डर, सातशे पन्नास रुपये.