चौक, पिवळ्या आणि माझा हँडब्रेक

१ मार्च, रविवार
आज अपमान झाला. शिकवणीची गाडी चौकात आली आणि स्टंटबाज पोरांच्या टोळक्याने गाड्या आडव्या लावून सगळे रस्ते अडवले. मधोमध एक पिवळी गाडी गरागरा फिरतेय. टायरचा धूर, शिट्ट्या. आम्ही नेमके आत अडकलो. स्टिअरिंगवर दातांच्या डॉक्टरीणबाई, नवशिक्या. त्यांनी डोळे मिटून घेतले. पिवळ्या गाडीवाल्याने, म्हणजे पिवळ्याने, काच खाली करून मला विचारलं, मास्तर, रिव्हर्स येतो का? मला! अर्ध्या गावाला रिव्हर्स मी शिकवलाय.
सूड घेणार. शांतपणे.

२ मार्च
शांतपणे जमत नाही. ही म्हणते, गाडी शिकवा आणि गुपचूप घरी या. हिला सूडातलं काही कळत नाही.

११ मार्च
नगरपालिका पोलिसांबरोबर स्टंटबाजांसाठी कडक नियम करतेय. लोकांकडून सूचना मागवल्यात. मी पानंच्या पानं पाठवली. मुख्य मुद्दा: गाडी जागेवर जप्त, आणि कोणाचं काहीही ऐकून घेऊ नये. पिवळ्या म्हणणारच, चुकून झालं. चुकून कोणी गोल फिरतं का?

२ एप्रिल
नियम लागू! माझी सूचना जशीच्या तशी. हिला मोठ्याने वाचून दाखवली. ही म्हणाली, पंखा पुसायचा राहिलाय. पुसला. पण विजयी मनाने.

५ एप्रिल, रविवार, दुपारी
आज मुद्दाम चौकातच शिकवणी. टोळकं आलं की पोलिसांना फोन. पिवळ्याची गाडी उचलताना मी समोर हवा. इस्त्रीचा शर्ट घातलाय. बाई म्हणाल्या, मैदानावर जाऊ या का? म्हटलं, भीती अशीच मोडते.

त्याच दिवशी, संध्याकाळी
सगळं ठरल्याप्रमाणे झालं. एका क्षणापर्यंत.
टोळकं आलं. फोन केला. पिवळ्या आमच्याभोवती घिरट्या घालू लागला. मी बाईंना म्हटलं, पूर्ण उजवीकडे घ्या. घेतलं. म्हटलं, थांबा! त्यांनी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला. माझ्या पायाशीही ब्रेक असतो. तो सोडून मी हँडब्रेक ओढला. का, ते विचारू नये. डोक्यात फक्त पिवळ्या होता.
गाडी जागच्या जागी गर्रकन फिरली. अख्खी. धूर आमचा, शिट्ट्याही आम्हालाच. पिवळ्या चक्क टाळ्या वाजवत होता. तेवढ्यात सायरन. टोळकं पसार. चौकात उरलो आम्ही दोघं, आणि गाडीच्या टपावर माझं नाव, फोन नंबर.
साहेबांना सांगितलं, चुकून झालं. ते म्हणाले, काका, ऐकून घ्यायचं नाही असा नियम आहे.

७ एप्रिल
माझ्या ड्रायव्हिंग स्कूलला गाडी एकच, ती जप्त. कधी सुटेल कोणी सांगत नाही. शिकवणी बंद. व्हिडिओ गावभर फिरतोय. फोन येतात, पण सगळ्यांना तेवढं गर्रकन फिरणंच शिकायचंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, भीती पार गेली. म्हणजे माझी पद्धत बरोबर होती.

१० एप्रिल
पोलिसांच्या आवारात गाडी पाहून आलो. काचांवर धूळ. हात लावू दिला नाही. वाईट वाटलं.
बसस्टॉपवर उभा होतो. पिवळी गाडी थांबली. मास्तर, बसा, म्हणाला. ऊन फार होतं. बसलो. वळताना इंडिकेटर दिला नाही त्याने. बोलणारच होतो, इतक्यात त्याने अदबीने विचारलं, हँडब्रेक नेमका कधी ओढलात?
घर येईपर्यंत समजावून सांगितलं.