विनेशरावांच्या डब्याची तपासणी

काशीद, मे महिन्याची सुट्टी

चि. नेत्रास रावजीमामाचे पोटभर आशीर्वाद.

पुण्यात तुझी आणि वेळेवरच्या जेवणाची गाठभेट अधूनमधून होत असेल अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम. मी तुझ्या आईकडे आठ दिवस विसाव्याला आलो होतो. आठही तुझ्या बाबांच्या डब्याने खाल्ले. (त्या जुन्या संगणकाला घरात कुणी संगणक म्हटलेलं मी ऐकलं नाही.)

तुझा पेनड्राइव्ह पोचल्याबरोबर नवा कर्नल (यंत्राचा गाभा, असं मी शाळेत समजावतो, सहकारी मान डोलावतात, म्हणजे कळलेलं नसतं) विनेशरावांच्याच सेटिंगवर बिल्ड करायला, म्हणजे मुळापासून शिजवायला, लावला. तुझ्या लॅपटॉपवर हे काम घटकाभरात होतं. हा डबा आज सकाळी बसतो आणि उद्याच्या चहाला नकार कळवतो. तोवर बंदरावरची, होड्यांना वाऱ्याचा जोर दाखवणारी पाटी बंद, कारण ती चालवणारा हाच. धर्मा नाखवा रोज दारातून विचारी, “मास्तर, शिजला का न्हाय अजून?” दुसऱ्या दिवशी तुझ्या आईने माझ्या उशाचा टेबलफॅन उचलून डब्याला लावला. “दादा, तू सावलीत बस. त्याला गरम होतंय.”

पडद्याचा फोटो काढला तर नुसते पट्टे येतात, म्हणून मी निकाल टाइप करून पाठवत होतो: ‘एरर २’. चार दिवस तेच. पाचव्या दिवशी तू फोनवर ओरडलीस, “मामा, शेवटची ओळ नको, पहिली चूक सांग! बाकीची सगळी तिची पिलावळ!” बाई गं, जन्मभर स्तोत्रं म्हटली, फळ काय मिळणार ते शेवटच्या श्लोकात असतं. मी इमानेइतबारे फलश्रुती कळवत होतो.

मग चार पानं भरून अख्खा पडदा हाताने उतरवून पाठवला, आणि तुला चूक सापडली: एक फाइल, जी इतर प्रोसेसरांना शेजारून आयती मिळते, या गरिबाला नाव घेऊन बोलावल्याशिवाय मिळत नाही. तू एक ओळ सांगितलीस, ती घातली.

हा खटाटोप कशासाठी ते मी जाणतो. या जातीचे प्रोसेसर आता कुणी वापरत नाही असं धरून कर्नल लिहिणाऱ्या मंडळींचं पुढच्या आवृत्तीतून ते काढून टाकायचं घाटतं आहे. शुक्रवारपर्यंत कुणी ‘आमच्याकडे चालतो’ असं दाखवलं तर राहतील. नाहीतर डबा जुन्या आवृत्तीवर म्हातारा होत एक दिवस बसेल. विनेशराव जाऊन तीन वर्षं झाली, पण त्यांनी लावलेली पाटी चालू आहे. दिवाळीत तूच ‘भंगारात द्या, नवा घेऊ’ म्हणाली होतीस. व्यवहाराचंच बोललीस. पण तेव्हापासून आई तुझ्याशी ‘जेवलीस का’च्या पलीकडे बोललेली नाही, आणि तू तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी हे काम करते आहेस. दोघींनी मला विचारलं नाही, म्हणून मीही काही म्हणत नाही.

असो. गरम डब्याशेजारी बसून याहून लांब पत्र निघत नाही.

तुझा,
रावजीमामा

ता. क. बिल्ड झाला. डबा नव्या कर्नलवर उठला, पाटी सुरू आहे.

आणखी एक ता. क. त्या कर्नलवाल्यांना पाठवायच्या दुरुस्तीखाली तू ‘तपासणारा’ म्हणून माझं नाव घालणार आहेस, ते घालू नकोस. ती बारीक अक्षरं मला एका ओळीपलीकडे वाचवत नाहीत. चारही पानं तुझ्या आईची. इंग्रजी तिला येत नाही. एकेक अक्षर रांगोळीच्या नक्षीसारखं बघून काढत दोन दिवस बसली होती. चुकीच्या प्रत्येक ओळीत फोल्डरचं नाव ‘विनेश’ येतं, तेवढं मात्र तिला वाचता येतं. ते तिने दर वेळी जरा मोठं काढलं आहे. पानं पुन्हा बघ. नाव घाल: कल्पिता विनेश म्हात्रे. असं नाव घालायला त्या माणसाची परवानगी लागते, हे तूच सांगितलंस. ती मी मागणार नाही. दुपारी ती पाटी बघायला बंदरावर जाते. चारनंतर घरी असते.